४३५ की ४४०? आजोबांच्या पेटीची नोंदवही

१२ एप्रिल

पेटी (हार्मोनियम) आली. कुडाळहून रात्रीच्या गाडीने, दोन गोधड्यांत गुंडाळून, शेवटचे चार तास तर माझ्या मांडीवरच. कंडक्टरने पहिल्यांदा सामानाचं तिकीट मागितलं, मग आत काय आहे ते विचारलं, आणि 'बुवांची पेटी' म्हटल्यावर तिकीट घेतलं नाही.

पेटीवेड्या मंडळींसाठी आधी तपशील. साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, सुरांच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी जिभांच्या, दोन ओळी (नर आणि खालच्या आवाजाची खर्ज), म्हणजे एकूण ८४ सूर. सागवानी खोकं आपल्याकडचंच. सूर मात्र पॅरिसचे. आजोबा भजनी बुवा होते. कोकणातला बुवा स्वतःच पेटी वाजवतो आणि स्वतःच गातो, साथीला मृदंग आणि झांज. ही पेटी त्यांनी साधारण चाळीस वर्षं वाजवली. त्यानंतरची बावीस वर्षं ती माळ्यावरच्या कपाटात होती, वर लाल कापड आणि दर दसऱ्याला एक झेंडूचं फूल.

आज फक्त भाता उघडून पाहिला. हवा धरत नाही. घड्यांच्या कोपऱ्यांत चामडं पापडासारखं मोडतंय. तरी एक पट्टी दाबून जोरात भाता मारला तर एक सूर आला. तो ऐकल्यावर जेवणही थंड झालं.

१९ एप्रिल

पेटी उघडायच्या आधी दोन जाणत्यांना दाखवली.

पहिल्यांनी सूर पाहिले आणि लगेच म्हणाले, "साहेब, खोकं जाऊ द्या. हे सूर काढून नव्या स्केलचेंजरमध्ये बसवू. आवाज तोच, पेटी नवी." (स्केलचेंजर म्हणजे पट्ट्या सरकवून षड्ज बदलता येणारी पेटी.) हे आपल्या व्यवसायात सर्रास चालतं. बाजारात 'पॅरिसचे सूर' म्हणून मिळणाऱ्या कितीतरी पेट्यांच्या पोटात असेच जुन्या पेट्यांतून काढलेले सूर असतात. त्यात फसवणूक काही नाही. पण मूत्रपिंडासाठी माणूस मोडीत काढावा तसं वाटलं. नमस्कार करून निघालो.

दुसऱ्यांनी पेटी ठेवायची म्हटलं, पण पांढरी सहा (सप्तकातली सहावी पांढरी पट्टी) ऐकताच मान हलवली. "उतरलेली आहे. ४४० ला आणून देतो. दोन दिवसांचं काम." (४४० म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, पांढरी सहाचं आजचं माप.)

उतरलेली नाही, ती तशीच जन्मली आहे. ही गोष्ट घरी येऊन मोजल्यावर कळली.

२० एप्रिल

भात्याच्या फटींना तात्पुरतं कागदी चिकटपट्टीचं ठिगळ लावून सगळे नर सूर मोबाइलवर मोजले. ज्यांना हे करायचं असेल त्यांना सूचना: भाता एकाच दाबाने धरा. जोरात हवा मारली की सूर, विशेषतः खर्जाचे, किंचित उतरतात, आणि मग तुम्ही सुराचा नव्हे, आपल्या मनगटाचा आकडा लिहून घेता. मी प्रत्येक सूर तीनदा मोजला.

बहुतेक सगळे आजच्या मापापेक्षा १७ ते २४ सेंट खाली. (एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंत १०० सेंट.) पट्ट्यांमधली अंतरं आपापसांत मात्र चांगली. म्हणजे पेटी बेसूर नाही, अख्खी पेटीच एका पायरीच्या पाचव्या भागाइतकी खाली बसली आहे.

याचं कारण इतिहासात आहे. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने पांढरी सहाचं माप ४३५ ठरवलं. आज जगभर चालतं ते ४४० लंडनच्या परिषदेत १९३९ साली ठरलं. ४३५ आणि ४४० यांतलं अंतर जवळपास २० सेंट भरतं. माझे आकडे बरोबर त्याच जागी येऊन बसले. पॅरिसच्या कारखान्यात ज्याने हे सूर घासले, त्याचा कान माझ्या मोबाइलच्या पडद्यावर दिसत होता म्हणा ना.

२७ एप्रिल

आता अडचण. मोबाइलवरचा तानपुरा लावला, पेटीवर पांढरी सहा धरली, की सेकंदाला पाच लहरी. ऐकवत नाही. कुणाच्या बासरीबरोबर किंवा कीबोर्डबरोबर वाजवायचं तर प्रश्नच मिटला.

४४० ला आणायचं म्हणजे काय करायचं, हे नव्यांसाठी सांगतो. सुराची पितळी जीभ एका टोकाला रिबिटने घट्ट, दुसऱ्या टोकाला मोकळी. मोकळ्या टोकाकडचं धातू घासलं की जीभ हलकी होते आणि सूर चढतो. मुळाशी घासलं की ती लवचीक होते आणि सूर उतरतो. चढवायचे असतील तर ८४ जिभांची टोकं खरवडायची. खरवडलेलं पितळ परत येत नाही. मुळाशी घासून पुन्हा उतरवता येईल, पण म्हणजे आणखी धातू गेलं, जीभ आणखी पातळ.

म्हणून 'वाजवायची की जपायची' हा प्रश्न आपल्या वाद्यात जरा वेगळा पडतो असं मला वाटायला लागलंय. भाच्याशी यावरून वाद झाला. तो गिटारवाला. त्याने मला अमेरिकन गायक विली नेल्सनची गिटार दाखवली: १९६९ मध्ये घेतलेली मार्टिन एन-२०. ही नायलॉनच्या तारांची, बोटांनी वाजवायची गिटार. हे गृहस्थ ती पिकने (तार छेडायच्या टिकलीने) वाजवत राहिले, आणि लाकडाला आरपार भोक पडलं. "मामा, ते भोक हीच तिची किंमत आहे. तू उगाच घाबरतोस."

मी म्हटलं, तुझी तार तुटली तर तू दुकानातून नवी आणतोस. आमची तार म्हणजेच हा सूर, आणि पॅरिसचं ते दुकान बंद झालंय.

तो म्हणाला, मग वाजवूच नकोस. म्हणजे वादात तो हरला की मी, ते ठरलं नाही.

४ मे

बायको पुण्याच्या केळकर संग्रहालयात पाहुण्यांना घेऊन जाणार होती, मीही गेलो. वाद्यांच्या दालनात तासभर थांबलो. काचेमागची वाद्यं पाहताना एरवी मला फक्त कौतुक वाटायचं. या वेळी प्रत्येक वाद्यासमोर मी मनात विचारत होतो, तुझा सूर कुठल्या मापाचा? उत्तर कुठून येणार?

पण संग्रहालयात ठेवलं म्हणजे मुकं झालंच, असंही नाही. इटालियन व्हायोलिनवादक पॅगानिनीचं 'कॅनोने' हे १७४३ चं व्हायोलिन जिनोआ शहराच्या मालकीचं आहे, आणि तिथल्या पॅगानिनी स्पर्धेच्या विजेत्याला ते वाजवायला देतात. जपणारे आणि वाजवणारे तिथे एकाच खोलीत असतात. आमच्या घरात मी एकटाच, दोन्ही बाजूंनी.

आत्याला फोन केला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ४३५ चं गणितसुद्धा, आणि म्हणाली, "अरे, पेटी ती. वाजवूक हाडलेली, पूजेक नाय." आणि आंब्याच्या पेट्या कधी पाठवू ते विचारलं.

१८ मे

ठरवलं की जे परत करता येतं ते आधी करायचं.

भात्याच्या कोपऱ्यांचं चामडं बदललं. पट्ट्यांखालच्या झडपांचं मऊ चामडंही काढलं. ते कडक झालं होतं, त्यामुळे पट्टी न दाबताच तीन सूर बारीक आवाजात बोलत राहायचे. नवं चामडं सरसाने चिकटवलं. सरस उकळायचा वास घरात कुणालाच आवडला नाही, पण उद्या कुणाला हे काम सुधारायचं असेल तर ऊब आणि ओल दिली की तो सुटतो. बाजारातला पांढरा गोंद लाकडाची साल घेऊनच निघतो. याआधी कुणीतरी तो एका झडपेला लावला होता, त्याचा पुरावा माझ्या अंगठ्यात अजून कुसळासारखा आहे. जुनं चामडं एका पाकिटात घालून, तारीख लिहून पेटीच्या तळाशी ठेवलं.

दोन स्प्रिंगा बदलल्या. पट्ट्यांच्या वरच्या पापुद्र्याला हात लावला नाही. काळी दोन आणि काळी पाच मधोमध झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, बोट आपोआप तिथे घसरतं. आजोबांचा सा आणि पंचम. माझा आवाज तिथे पोचत नाही, पण बोट पोचतं.

१ जून

सूर साफ केले. मऊ ब्रश, कोरडं फडकं, आणि जिभेखालून हलकेच सरकवायला पातळ कागदाची पट्टी. जीभ उचलायची नाही, वाकवायची तर नाहीच. रसायन अजिबात नाही.

इथे एक शिकण्यासारखी गोष्ट. नर ओळीतली वरची एक पांढरी तीन ३८ सेंट खाली होती. पहिल्यांदा वाटलं, हिला तरी घासावंच लागणार. पाहिलं तर टोकावर धूळ आणि हिरवट थर. वजन टोकाला वाढलं की सूर उतरतो, कारण काहीही असो. पुसल्यावर ती २१ वर आली. घासायच्या घाईत तिचं पितळ गेलं असतं आणि पुढे कधीतरी थर निघाल्यावर ती चढी लागली असती. दोन सूर खरखरत होते. जीभ चौकटीच्या कडेला टेकत होती, ती मध्यावर आणली.

आणि आता मुख्य बातमी.

नर ओळीतली मधली काळी दोन बाहेर काढली तर पितळाचा रंगच वेगळा. बाकीच्यांचं पितळ मधासारखं, हिचं फिकट. शेजारच्या सुरांवर स्वराचं अक्षर ज्या ठशात आहे तो ठसा हिच्यावर नाही. रिबिटही निराळी. हा सूर पॅरिसचा नाहीच, आपल्याकडचा आहे, बहुधा पालिताण्याचा. काळी पाचही तशीच.

अर्थ उघड आहे. ज्या दोन पट्ट्या झिजल्या त्यांचेच सूर थकून तुटले असणार. पितळ वाकून वाकून शेवटी मोडतंच. आजोबांनी ते बदलून घेतले आणि पुढे गात राहिले. ज्या पेटीला मी 'मूळ अवस्थेत' ठेवायला निघालो होतो, तिचा षड्जच मूळ नव्हता.

पहिल्यांदा थोडा खट्टू झालो, खोटं का बोलू. मग दोन्ही सूर मोजले. काळी दोन १९ सेंट खाली, काळी पाच २१.

म्हणजे ज्या कारागिराने हे नवे सूर बसवले, त्याने ते जुन्या पॅरिसवाल्यांच्या पंक्तीला आणून बसवले. टोकाखालून पाहिलं तर त्याच्या घासणीच्या बारीक रेघा दिसतात, फक्त या दोन जिभांवर. उरलेल्या ८२ ना त्याने हात लावलेला नाही. बहुतेक त्याच्याकडे आकडे नसतील, कान असेल.

८ जून

४४० चा विचार सोडला. सूर तिथेच राहतील.

तानपुरा खाली आणला. मोबाइलवर संदर्भ ४३५ वर ठेवता येतो, हे मला दीड महिना सुचलं नव्हतं, यावर हसायचं ते हसून घ्या. तबलेवाला मित्र आला होता, त्याने हातोडीने दोन मिनिटांत चाट पेटीला मिळवली आणि विचारलं, "अडचण काय होती?" बासरीबरोबर जमणार नाही. नाही तर नाही.

त्या दुसऱ्या कारागिरांनी आणखी एक सुचवलं होतं: एकच षड्ज धरून पेटी नैसर्गिक (त्या षड्जाशी तंतोतंत जुळणाऱ्या) स्वरांत मिळवायची. नैसर्गिक गांधार पेटीच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, आणि त्या षड्जात तो जो लागतो तो ऐकून रडू येतं, हे खरं. पेटीच्या याच ठरीव स्वरांवर आक्षेप घेतला जायचा. १९४० मध्ये आकाशवाणीने तिला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत. पण त्यासाठीही घासणं आलं. तो प्रयोग मी माझ्या दुसऱ्या, साध्या पेटीवर करणार आहे. तिची नोंद वेगळी लिहीन.

२० जुलै

पाऊस. पट्ट्या फुगल्या, चार अडकतायत. पेटीजवळ आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलंय, ते ८० च्या वर. कडेने पट्ट्या घासून मोकळ्या करायचा मोह होतो, करू नका. कोरड्या दिवसांत त्याच पट्ट्या खडखडतील. मी सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, मोजक्याच. फार कोरडं केलं तर जुनं सागवानही तडकतं. रोज दहा मिनिटं वाजवतो. हवा खेळली की जिभांवर ओल बसून राहत नाही, असा माझा अनुभव. सहा आठवड्यांत एकही सूर दबला नाही.

गणपतीनंतर

पेटी घेऊन कुडाळला गेलो. प्रवासात न्यावी की नाही यावर घरात बराच खल झाला, शेवटी पुन्हा गोधड्या आणि मांडी.

दुसऱ्या रात्री वाडीतली मंडळी आरतीनंतर भजनाला बसली. आताच्या बुवांची स्वतःची पेटी होती, झगझगीत, नवी. त्यांनी ही पाहिली आणि आपली बाजूला सरकवली. मृदंगवाल्याने नेहमीसारखं "काळी दोन?" विचारलं, बुवांनी एकदा पट्टी दाबली, त्याने मान तिरकी करून ऐकलं आणि वादी थोडी सैल केली. कुणी ४३५ चं नावही काढलं नाही. झांजांना तर काहीच फरक पडत नाही. आत्या दारात उभी होती. तिसऱ्या गजराला आत चहा करायला निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

बुवांचा हात जड आहे. भाता मारताना मी दोनदा उठून सांगायला निघालो आणि दोनदा बसलो.

नुकसान: खर्जातली एक पांढरी चार आता उशिरा बोलते. दमट हवा असेल, किंवा गुलालाचा कण. पुण्यात लगेच उघडणार नाही, लाकूड आधी वाळू दे. दसऱ्यानंतर पाहीन. त्या दिवशी झेंडू वाहायचा आहेच, पण या वेळी हळदकुंकू फक्त खोक्याला, पट्ट्यांच्या फटींपासून लांब.