टाकळीच्या पुलाशी सहा तास

हंपी, चिकमगळूर, गोकर्ण, बदामी सगळं झकास झालं. चौदा दिवसांच्या त्या फिरण्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन. आधी सोलापूर-विजापूर रस्त्यावरच्या टाकळीला गाडी बंद पडली त्याचं, कारण माझं डोकं अजून तापलेलं आहे.

आमची गाडी म्हणजे जुना ट्रॅव्हलर टेम्पो. आत दोन पलंग, फ्रिज, शेगडी, वर पाण्याची टाकी. परत येताना विजापूरच्या अलीकडे चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ टेंपरेचरचा काटा चढला. दोन्ही एकदम झालं की फॅनबेल्ट बघायचा. आमच्या इंजिनात बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा वॉटर पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. जादा पट्टा जवळ होता. इंजिन निवल्यावर अर्ध्या तासात बसवला आणि बायकोपुढे जरा मिरवलोही. पट्टा तुटला कशाने, हे मात्र बघितलं नाही. झळकीपासून पुढून चिवचिव ऐकू येत होती, तर मी गाणी मोठी केली. धूळखेड गेलं, भीमा ओलांडली आणि दुसराही पट्टा तुटला. मार्चअखेर, दुपारचे सव्वाबारा, घर 35 किलोमीटरवर.

विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्स घेतलेला होता. फोन लावला.

"सर, जवळची खूण सांगा."
"भीमेचा पूल. टाकळी."
"सर, पिनकोड?"

रस्त्यावर उभ्या माणसाला पिनकोड कुठून माहीत असणार? लोकेशन पाठवलं. चाळीस मिनिटांत गाडी येईल असा मेसेज आला. पाऊण तासाने कळलं की काम विजापूरच्या माणसाला दिलंय आणि तो म्हणतो, पुलाच्या पलीकडे महाराष्ट्र, मी येत नाही. मग सोलापूरचा शोधला. पुन्हा चाळीस मिनिटं. दर वेळी फोनवर नवीन माणूस, नवीन "सर, आपलं शुभनाव?", पुन्हा पिनकोड. टपरीवरच्या मावशींनी पोरांना सावलीत बसवलं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली, पैसे घेईनात. अखेर पावणेचारला क्रेन आली ती कार उचलणारी, छोटी. पोरगा उतरला, टेम्पोकडे खालून वर बघत म्हणाला, "ओ काका, ही चढंल व्हय ह्याच्यावर?" आणि गेला. मी पुन्हा फोन केला तर बाई म्हणतात, तुमची तक्रार "सेवा दिली" म्हणून बंद झालीय. नवीन तक्रार नोंदवायची, पिनकोड सांगा.

म्हणून पहिल्याच फोनला गाडीची उंची आणि वजन सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी. आमच्याकडे आता दोन्ही आकडे आरसीच्या झेरॉक्सवर पेनाने लिहिलेत. आणि राष्ट्रीय महामार्गाचा 1033 आधी लावा. मला तो घरी आल्यावर आठवला.

सहा वाजून गेल्यावर ऊस टाकून मोकळा परतणारा ट्रॅक्टर थांबला. त्याने टोचन लावून मंद्रूपला एका गॅरेजवर नेलं. मिस्त्रीने पट्ट्याकडे बघितलंसुद्धा नाही. पंपाच्या दांड्यावरचा फॅन दोन्ही हातांनी धरला आणि मागेपुढे हलवला. खट्खट्. "पट्ट्याचं काय नाही हो, पंपाचं बेरिंग गेलंय की." पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं, तिथून खाली कूलंटचा हिरवट, वाळलेला ओघळ होता. दोन आठवडे रोज बॉनेट उघडून मी ऑइलची काडी बघत होतो, त्या ओघळाकडे एकदाही नजर गेली नाही. पंप सोलापूरहून मागवला, रात्री साडेदहाला गाडी चालू.

पट्टा गेल्यावर हिटर लावून तशीच गाडी दामटा, असं कुणी सांगेल. ऐकू नका. पंपच फिरत नसेल तर हिटरपर्यंत गरम पाणी जाणार कसं? बाजूला घेऊन बंद करा. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे माहीत असूनही माझा हात दोनदा तिकडे गेला होता.

एक राहिलंच. टोचनावर असताना चावी ऑनला ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला मदत नाही, पेडल दगडासारखं लागतं. टाकळी ते मंद्रूप माझा उजवा पाय थरथरत होता.