तुम्ही विचारलंत म्हणून: या फौजी शब्दांचं मला एवढं काय पडलंय

"तू फौजेत नव्हतीस, तुझा नवराही नव्हता, मग कुणी तोफेला टँक म्हटलं तर तुझं काय जातं?" मी फौजी शब्दांचे अर्थ साध्या भाषेत लिहिते, म्हणून हे मला लग्नात विचारतात, भिशीत विचारतात, भाच्यांच्या ग्रुपवर तर दर वेळी. तर एकदा सांगूनच टाकते.

मी ग्वाल्हेरची. आमचा भागच लष्कर, दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये तळ दिला तिथे वसलेला, आणि डोक्यावरून मिराज लढाऊ विमानं जातात. 26 फेब्रुवारी 2019 ला बालाकोटला गेली ती इथलीच. त्या दिवशी ग्रुपवर जो तो 'मिसाइल मारलं' लिहीत होता, मी म्हटलं अरे स्पाइस बॉम्ब आहे, त्याला इंजिन नसतं, साध्या बॉम्बला किट बसवतात आणि तो तरंगत निशाण्यावर जातो. लगेच 'मावशी, काय फरक पडतो?'

तिथे पडत नसेल. वायरलेसवर 'रॉजर' म्हणजे ऐकलं, 'हो करतो' नाही, त्याला 'विल्को' म्हणतात, हेही तुम्हाला नकोय, ठीक आहे. पण 1999 च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या लढाईत, आमच्या घरी काय झालं ते ऐका.

माझा चुलतभाऊ तोफखान्यात, द्रासकडे, बोफोर्स तोफेवर. आमच्याकडे फोन नव्हता, शेजाऱ्यांचा नंबर दिलेला. दुपारी त्यांच्याकडे फोन आला, लाइन खरखरत होती, नाव नीट ऐकू आलं आणि पुढे 'कॅज्युअल्टी' एवढंच, मग कटला. ज्याने उचलला त्याला त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता, बातम्यांमधला. तो धावत आला आणि काकूला म्हणाला, दादा गेले. झालं, बायका जमल्या, कुणीतरी आत जाऊन वहिनीच्या बांगड्या काढल्या, ती काढू देत नव्हती, म्हणत होती मला तो फोन लावून द्या, मी विचारते, आणि सगळ्या तिला धरून बसलेल्या, मीही त्यातच, तिचा हात माझ्याच हातात होता. काकांनी जळगावला भावाला तार केली. रात्रभर चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत फोन. मांडीत स्प्लिंटर, म्हणजे फुटलेल्या गोळ्याचा तुकडा, श्रीनगरच्या लष्करी हॉस्पिटलात आहे, शुद्धीवर आहे.

फौजेत कॅज्युअल्टी म्हणजे मेलेला, जखमी, बेपत्ता, पकडलेला, सगळेच. जो आता लढू शकत नाही तो. एवढी एक ओळ त्या मोहल्ल्यात एकाला जरी माहीत असती ना! वहिनीने बांगड्या परत भरल्या, पण ज्या बाईने काढल्या तिच्याशी ती अजून बोलत नाही, आणि त्या बाईने तरी काय करायचं होतं, तिला वाटलं रीत आहे.

तेव्हापासून मी विचारून विचारून लिहिते, साध्या भाषेत. आधी मला वाटायचं व्याख्या पक्की हवी, पुस्तकातली. मग कळलं पुस्तकातली कुणी वाचत नाही. म्हणून लिहिलं, रॉकेट म्हणजे सोडलं की सुटलं, मिसाइल म्हणजे वाटेत वळतं. सोपं, लक्षात राहणारं. आणि आता फौजेच्या पिनाका रॉकेट लाँचरचं गायडेड रॉकेट आलंय, तेही वळतं, नाव मात्र रॉकेटच. कॅलिबरचंही तसंच, पिस्तुलाचं कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, बोफोर्सला 39 कॅलिबर म्हणतात तेव्हा नळीची लांबी भोकाच्या रुंदीच्या 39 पट, 155 मिलिमीटर भोकाच्या हिशेबाने सहा मीटर. एका ओळीत कसं बसवू? भाचा म्हणतो, मग अर्धवट कशाला लिहितेस. अर्धवट का असेना, त्या दुपारी ते पुरलं असतं, असं मी म्हणते.

दादाला हे पटत नाही. तो म्हणतो, फोन करणाऱ्यालाही कदाचित तेवढंच माहीत होतं, यादीत नाव आहे, पुढचं नाही. तुला शब्द कळला असता तरी तू वहिनीला काय सांगितलं असतंस, जिवंत आहे म्हणून? त्यावर आमचं दर दिवाळीला वाजतं. मी म्हणते, 'माहीत नाही' एवढं सांगितलं असतं. तो म्हणतो, रात्रभर ते ऐकून बघ. वहिनीला विचारलं तर ती उठून आत जाते.