आमची वाटचाल : बोअरिंगच्या शेडमधून

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आण्णांचं एक बोअरिंग मशीन होतं, इंजिनाचे झिजलेले सिलिंडर आतून कातायचं. ऑइल इंजिनांची ब्लॉकं यायची, शेतकरी बाकड्यावर बसून असायचे. मी १९९७ साली शेजारचा गाळा घेतला तो मोटारींसाठी. तेव्हा पोरांच्या हातात जुन्या मारुती ८०० होत्या, मग एस्टीम आल्या. ‘दादा, पिकअप वाढवून द्या’ एवढंच मागणं.

मीही तेव्हा तसाच. २००३ मध्ये एका एस्टीमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, मी अंदाजानं फेसिंगला, म्हणजे तळ घासायला दिलं. जास्त घासलं की जास्त ताकद, असा हिशेब. गाडी गावात भारी पळाली. पन्हाळ्याच्या चढाला इंजिन ठकठक ठोकू लागलं आणि आठवड्यात तिसऱ्या पिस्टनचा रिंगांमधला कठडा तुटला. तो पिस्टन अजून कपाटावर आहे. नवीन पोरगं कामाला आलं की आधी तोच हातात देतो. खर्च मी भरला, गिऱ्हाईक मात्र गेलं ते गेलंच.

आण्णा त्या वेळी एवढंच म्हणाले, ‘मोजलं होतंस का?’

मग मोजायला शिकलो. एस्टीमचं इंजिन १२९८ सीसीचं, म्हणजे एका सिलिंडरला साधारण ३२५. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला वायू दाबून किती पट लहान होतो ते, ९ला १ हवं तर पिस्टनच्या वर सुमारे ४०.६ सीसी जागा लागते, १०ला १ साठी ३६.१. फरक जेमतेम साडेचार सीसीचा, चहाच्या चमच्याएवढा! ही जागा मोजायला हेड उलटं ठेवायचं, वर ग्रीस लावून ॲक्रिलिकची पट्टी बसवायची आणि भोकातून सिरिंजनं रॉकेल सोडायचं. बुडबुडा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. गॅस्केटची जाडी, पिस्टनच्या माथ्यावरचा खळगा धरायचा तो वेगळा. हेड घासलं की बेल्टवरच्या कॅमचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, टायमिंगही मागं सरकतं, हे तर मला फार उशिरा कळलं.

आता गाडी आली की आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. तीन सिलिंडर १७५ पीएसआय आणि एक १३० दाखवत असेल, तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा बघतो. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, नाही चढला तर बहुतेक व्हॉल्व्ह. निम्म्या गाड्यांना ट्यूनिंग नकोच असतं, दुरुस्तीच हवी असते. कार्बोरेटर साफ, टायमिंग जागेवर, व्हॉल्व्ह घासून बसवले की मालक म्हणतो, ‘अहो, ही तर नवीन झाली!’ बिल कमी होतं, पण माणूस परत येतो.

इंजिनाच्या आधी ब्रेक, हा आमचा हट्ट. यावरून दोन-चार पोरं रुसून गेलीत. रस्त्यावरच्या गाडीत इंजिन बदलायचं म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि आरटीओची परवानगी आधी सांगतो. ट्रॅकवरच पळणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी; तिथं मोठा कॅम घालतो, पण त्यासोबत इंधनाचा मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ता, नव्यानं बसवावा लागतो, नाहीतर गाडी उभ्या-उभ्या आयडलिंगलाच गचके खाते.

सध्या शेडमध्ये एक पांढरी एस्टीम उभी आहे. पाव मिलिमीटर ओव्हरसाइज बोअरिंग आण्णांच्याच जुन्या मशीनवर झालं; रिंगा पुण्याहून यायच्यात. मालक दर रविवारी येऊन स्टूलावर बसतात, चहा पितात. टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, नाव त्यांनी अजून सोडलेलं नाही.