मोडक्या सुया घेऊन टोकियोला

लोक जपानला जाताना चकल्या नेतात, थालीपिठाची भाजणी नेतात. माझ्या बॅगेत या दोन्हींच्या मधोमध विक्सची एक जुनी निळी डबी होती आणि तिच्यात अकरा मोडक्या सुया. बॅग भरताना नवऱ्याने डबी कानाशी हलवून पाहिली, उघडली आणि काही न बोलता पुन्हा बंद केली. तीस वर्षांच्या संसारात माणूस काही प्रश्न विचारायचं सोडून देतो.

शिवणकाम हा माझा धंदा नाही, नाद आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते. आमच्या कराडकडे त्यांना वाकळ म्हणतात. भाची टोकियोत राहायला गेली, तेव्हा तिने एकदा फोनवर सहज सांगितलं, "मावशी, इथे ८ फेब्रुवारीला बायका मोडक्या सुया टोफूत, म्हणजे सोयाबीनच्या पनीरमध्ये, टोचतात आणि त्यांचे आभार मानतात." त्या दिवसापासून माझ्या हातून एकही मोडकी सुई कचऱ्यात गेली नाही.

या विधीला हारी-कुयो म्हणतात. हारी म्हणजे सुई. कुयो म्हणजे गेलेल्यांसाठी करायचा विधी, आपल्याकडच्या श्राद्धाच्या जवळ जाणारा. खंडेनवमीला मी शिवणयंत्राला हळदकुंकू लावते, झेंडूचं फूल वाहते. पण ती कामावर हजर असलेल्या हत्याराची पूजा. जे हत्यार कामी आलं, त्याला आपण कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत टाकतो. कचरा उचलणाऱ्या ताईच्या हाताला लागू नये एवढीच काय ती काळजी. निरोप वगैरे कधी डोक्यात आलाच नव्हता.

तर गेल्या फेब्रुवारीत गेले. डबी अर्थातच मोठ्या बॅगेत, विमानात जवळ नाही.

भाचीचं घर निशी-कासाईत. एदोगावा वॉर्डातली ही टोकियोची भारतीय वस्ती. तोझाई लाइनच्या मेट्रोने ऑफिसच्या भागात सरळ जाता येतं, म्हणून आयटीतली मंडळी इथे जमत गेली. २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक निवडून आले, त्यामुळे एदोगावा हे नाव आपल्या वर्तमानपत्रांतही झळकलं होतं. तूरडाळ, हिंग, कढीपत्ता सगळं चालत जाऊन मिळतं. भाजणी उगाच वाहून नेली.

दुसऱ्याच दिवशी निप्पोरी. शिवणकाम करणाऱ्या बाईने टोकियोत देवळाआधी इथे यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टेशनच्या पूर्वेला साधारण एक किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापड, बटणं, लेस, चामडं, झिपा. 'टोमॅटो' नावाचं दुकान तर मजलेच्या मजले कापडाचं. भाचीला ऑफिस होतं, म्हणून मी एकटी. तिने दोन शब्द शिकवून पाठवलं होतं. 'हाइ' म्हणजे हो आणि 'सुमिमासेन' म्हणजे माफ करा, ऐका जरा, थँक्यू, सगळंच.

एका छोट्या दुकानात चिरिमेन दिसलं. किमोनोचं ते बारीक सुरकुत्यांचं कापड, जांभळ्यावर पांढरी बगळ्यासारखी पाखरं. पाटीवर १३०. मी मनात हिशोब केला, पंचाहत्तर रुपये मीटर! हे तर तुळशीबागेपेक्षा स्वस्त. तीन बोटं दाखवली, "मीटर, मीटर." दुकानातल्या बाईने पाटीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "हाइ." तिने कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला. चष्मा डोक्यावर होता, मी म्हटलं, "हाइ हाइ." तिने पट्टी लावून, खडूने खूण करून, असं सरळ कापलं की मी तो हातच बघत राहिले. गल्ल्यापाशी कळलं की १३० येन हा दहा सेंटिमीटरचा भाव. जपानात बऱ्याच दुकानांत कापडाचा भाव दहा सेंटिमीटरला लिहितात, कारण कुणाला वीसच हवं असतं, कुणाला सत्तर. तीन मीटरचे झाले ३,९०० आणि वर दहा टक्के कर. कापलेलं कापड परत करायचं तोंड नव्हतं. मराठीतलं 'हाय हाय' मी बाहेर फुटपाथवर येऊन म्हटलं.

पैसे हातात घ्यायची मात्र पद्धत नाही. गल्ल्यावर छोटा ट्रे असतो, त्यात नोटा ठेवायच्या. सुटे ती मोजून, नोटा तुमच्यासमोर एकेक पसरून परत देते. पहिले दोन दिवस मी सवयीने हात पुढे करायचे आणि समोरचा माणूस नम्रपणे ट्रेकडे बघायचा. आई म्हणायची, कात्री कुणाच्या हातात देऊ नये, खाली ठेवावी, नाहीतर भांडण होतं. पैशांचंही तसंच काही असेल का, असं भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, प्रत्येक गोष्टीत शकुन-अपशकुन नसतो. पैसे सांडू नयेत म्हणून असेल." असेल.

भाचीने साशिकोच्या वर्गात माझं नाव घातलं होतं. चार बायका, एक टेबल, सत्तरीच्या शिक्षिका. साशिको म्हणजे निळीच्या कापडावर पांढऱ्या जाड दोऱ्याने घातलेला धावदोरा. शब्दाचा अर्थच 'छोटे टोचे'. चित्रं बघून मला वाटलं होतं, हे तर आपलंच, वाकळेचा टाका. आपल्याला काय शिकवणार?

पहिलीच गोष्ट चुकली. मी दोऱ्याला गाठ मारली. शिक्षिकेने हसून गाठ कापली. गाठीने कापडाला फुगवटा येतो, म्हणून सुरुवातीचे तीन-चार टाके उलट दिशेने घालून त्यांच्यावरूनच परत यायचं, की दोरा आपोआप अडकतो. मग अंगुस्तान. आपलं बोटाच्या टोकावर बसतं, टोपीसारखं. यांची चामड्याची अंगठी मधल्या बोटाच्या मुळाशी आणि तिला एक गोल चकती, ती तळहातावर. सुईचा मागचा भाग त्या चकतीला टेकवायचा. सुई जवळजवळ स्थिर, दोन्ही हातांनी कापडच वर-खाली नाचवायचं. सात-आठ टाके सुईवर गोळा झाले की तळहाताने रेटायचं. माझी सुई दर वेळी चकतीवरून निसटायची. माझी ही गंमत बघून शेजारच्या बाईने तोंडावर हात धरला.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा. वर तीन भाग, खाली दोन भाग, म्हणजे उलट्या बाजूचा टाका थोडा आखूड. ओळ संपली की कापड बोटांनी ओढून सारखं करायचं, नाहीतर दोरा आवळून कापड गोळा होतं. आणि रेषा जिथे एकमेकींना भेटतात, तिथे वरच्या बाजूला दोऱ्यांनी एकमेकांवर चढायचं नाही. मध्ये इवलीशी मोकळी जागा सोडायची. गोधडी शिवताना चौकात टाके एकमेकांवर चढले तर आई खूश व्हायची, म्हणायची मजबूत झालं. इथे नेमकं तेच उसवायला लावलं.

मला दिलेली नक्षी होती आसानोहा, तागासारख्या एका झाडाचं पान. हे झाड भराभर आणि सरळ वाढतं, म्हणून पूर्वी तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर ही नक्षी घालत. तोच धागा उत्तर जपानातल्या गरिबीपर्यंत जातो. आओमोरीकडच्या त्सुगारूत कापूस पिकायचा नाही, इतकी थंडी. त्यात एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, शेतकऱ्यांना सुती कपडे घालायची बंदी. बर्फात अंगावर जाडंभरडं, भोकाभोकांचं तागाचं कापड. बायकांनी सुती दोऱ्याने ती भोकं बुजवायला सुरुवात केली. कपडा घालायला बंदी, दोऱ्याला नाही! त्यातून कोगिन नावाची भरतकामाची अख्खी शैली उभी राहिली. शेजारच्या नांबू भागातही तेच दु:ख, तोच उपाय. पण त्सुगारूच्या बायका विषम धागे मोजून टाका घालणार, नांबूच्या सम. शेजारणी सगळीकडे सारख्याच.

ठिगळांवर ठिगळं चढवलेल्या त्या जुन्या कपड्यांना बोरो म्हणतात. आओमोरीत घरोघरी हिंडून तानाका चूझाबुरो यांनी ते जमवले. लोकांना ती चिंधी दाखवायची लाज वाटायची. हा संग्रह टोकियोच्या आसाकुसा भागातल्या एका संग्रहालयात बघायला मिळायचा, पण ते २०१९ मध्ये बंद झालं. मला जायला सहा वर्षं उशीर झाला, त्याची हळहळ अजून आहे.

चहाच्या वेळी मी माझ्या ब्लाउजचं निघालेलं बटण अंगावरच शिवायला घेतलं. शिक्षिका लगबगीने उठून आल्या आणि म्हणाल्या, "नुइदा, नुइदा." भाचीला फोन लावून अर्थ विचारला. अंगावरचा कपडा शिवू नये, शिवावाच लागला तर 'नुइदा' म्हणायचं, म्हणजे 'काढला, काढला'. कपडा काढलाय असं खोटंच सांगून अपशकुनाला चकवायचं. मी म्हटलं, आमच्याकडे अशा वेळी तोंडात दोऱ्याचा तुकडा धरतात. हे ऐकून त्या बाईंनी लगेच दोरा तोडून माझ्या ओठांत दिला. तोंडात दोरा असल्यामुळे 'नुइदा' मला नीट म्हणता आलं नाही. दोन्ही देशांचा बंदोबस्त झाला असावा.

८ तारीख शनिवारी आली, त्यामुळे भाचीही बरोबर. निहोम्बाशीला गाडी बदलून गिंझा लाइनने आसाकुसा. या लाइनचा उएनो ते आसाकुसा हा तुकडा १९२७ साली सुरू झाला, आशियातली पहिली भुयारी रेल्वे. आसाकुसात कामिनारीमोन या वेशीचा तो लाल कंदील, जवळजवळ चार मीटर उंच. सगळं जग त्याच्याखाली फोटो काढत होतं. आम्ही नाकामिसेच्या दुकानांतून वाट काढत सेन्सोजी या बौद्ध देवस्थानाच्या मुख्य मंदिरापर्यंत गेलो. ऊन होतं, पण वारा हाडांत शिरणारा. मी स्वेटरवर शाल, शालीवर भाचीचा कोट अशी.

आवाशिमा-दो हे छोटं देऊळ मुख्य मंदिराच्या डाव्या अंगाला. आवाशिमा ही बायकांची काळजी वाहणारी देवता. पुढे टेबलावर पाटाएवढा टोफू आणि त्यात आधीच शेकडो सुया. लाल-पिवळ्या गोल डोक्यांच्या टाचण्या दिसत होत्या, त्यामुळे लांबून केकवर काही पेरल्यासारखं वाटत होतं. रांगेत किमोनो घातलेल्या म्हाताऱ्या, शिवणशाळेच्या मुली, एक सूट-टाय घातलेला गृहस्थ. तो बहुधा शिंपी असावा. त्याच्या हातात चक्क औषधाची बाटली होती, सुयांनी भरलेली. त्याच्यापुढे माझ्या अकरा म्हणजे काहीच नाही.

कामगिरी संपलेल्या सुईला शेवटी मऊ जागा द्यायची, ही यामागची कल्पना. शिवाय हात आणखी चांगला व्हावा म्हणूनही मागणं मागतात. माझ्या डबीत आईच्या पेटीतली एक गंजलेली दाभण होती, तीन मशीनच्या सुया होत्या, त्यातल्या दोन भाच्याच्या जीन्सच्या शिवणीवर मोडलेल्या. मशीनची सुई मोडते तेव्हा टोक कुठेतरी उडतं आणि हातात राहतो जाड दांडा. तो टोचायचा कुठल्या बाजूने? आणि एक सुई मोडलेली नव्हती, नुसती वाकली होती. पुढच्या आजींना मी ती दाखवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आपली कंबर किती वाकली आहे ते हाताने दाखवलं आणि मान डोलावली. चालतं.

पहिली सुई टोचली आणि दचकले. सुईला काहीच अडलं नाही. वाकळेच्या सहा थरांतून, जीन्सच्या चौपदरी शिवणीतून सुई रेटायची सवय असलेल्या बोटांना कळेना की आता थांबायचं कुठे. दुसरी जरा हळू. दाभण शेवटी ठेवली होती. टोफूत दाभण टोचल्यावर भोवती बारीक चीर पडली, ती मी बोटाने लिंपायला गेले तेवढ्यात भाचीने हात मागे ओढला. मागे रांग होती. डोळे मिटून हात जोडले. काय म्हणायचं ते सुचेना, मग खंडेनवमीला म्हणते तेच म्हटलं.

रिकामी डबी पिशवीत टाकली. तिचं वजन असं कितीसं होतं, पण पिशवी हलकी वाटली. बाजूला उदबत्तीचा धूर होता, तो लोक हाताने अंगावर घेत होते. मी दोन्ही हातांच्या बोटांवर घेतला.

जेवायला जवळच्याच एका हॉटेलात गेलो. पाणी आणि गरम ओला रुमाल न मागता आला. भाची मेनूतून टोफूचे प्रकार वाचून दाखवत होती. घट्ट तो मोमेन, मोमेन म्हणजे सुती. कापडावर दाबून करतात म्हणून. मऊ तो किनु, म्हणजे रेशमी. रेशीम त्यात कुठेही नसतं, फक्त पोत तसा. टोफूलाही कापडाची नावं देणाऱ्या लोकांबद्दल मला फार आपलेपणा वाटला. मी सुती मागवला.

मिसो सूपमध्ये टोफूचे पांढरे चौकोन तरंगत आले. खोटं कशाला सांगू, मी चॉपस्टिकने एकेक तुकडा टोचून चाचपून पाहिला. आत काही नाही ना!

"मावशी," भाची हळू आवाजात म्हणाली, "असं अन्नात टोचत नाहीत इथे. वाईट दिसतं. त्याला साशी-बाशी म्हणतात."

"साशी? आपल्या साशिकोतलंच?"

"तेच. कापडात टोचलं तर कला."

मी चॉपस्टिक खाली ठेवली आणि सूप वाटीनेच तोंडाला लावलं. ते मात्र इथे चालतं.