माझा अनुभव: सिममधले शेवटचे ५० फूट

ए३२० विमानाच्या टाइप रेटिंगमध्ये (ते ठरावीक विमान उडवायच्या प्रशिक्षणात) सिस्टिम्स, चेकलिस्ट, इंजिन फेल्युअर सगळं वेळेत उरकलं. अडलं ते लँडिंगच्या शेवटच्या ५० फुटांत. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण दोष सिमच्या, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटरच्या, चित्रात होता.

अप्रोचला, म्हणजे रनवेकडे उतरत येताना, त्रास नव्हता. पॅपीचे (रनवेशेजारून उतरण्याचा कोन दाखवणारे) दोन पांढरे, दोन लाल दिवे आणि काचेत जागचे न हलणारे एमिंग पॉइंटचे (रनवेवर जिथे नेम धरायचा त्या जागेचे) पट्टे धरून ठेवले की ३ अंशांचा उतार सांभाळता येतो. पण ३० फुटांच्या आसपास फ्लेअर करताना, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच उचलताना, नजर रनवेच्या पार टोकाकडे न्यावी लागते. विमान किती वेगाने खाली चाललंय, हे तेव्हा डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळतं: कडेचे दिवे वर चढतात, कडा पसरत जातात. मी उजव्या सीटवर, आणि पडद्यावर शेजारशेजारची चित्रं जुळतात त्यातला सरकलेला जोड नेमका उजव्या प्रोजेक्टरचा! क्षितिजाला तिथे चक्क पायरी पडलेली, रनवेची कड मध्येच मोडलेली. 'थर्टी, ट्वेंटी, रिटार्ड' असं कॉलआउट (उंची आणि थ्रस्ट कमी करायला सांगणारा विमानाचा आवाज) ऐकू यायचं आणि डोळे भलतीच उंची सांगायचे. कधी नाक लवकर उचललं जायचं, कधी विमान धाडकन आपटायचं.

इन्स्ट्रक्टर म्हणाले, "कॉलआउटवर कर, सवय होईल." टेक्निकलवाले म्हणाले, पुढच्या मेंटेनन्सला बघू. पुन्हा रात्री दोनचा स्लॉट, पुन्हा तीच पायरी. नुसत्या आकड्यांवर फ्लेअर करायची सवय लागली, तर खऱ्या विमानात काय करायचं?

शेवटी हट्टाने सिमच्या लॉगमध्ये दोष लिहायला लावला, इन्स्ट्रक्टरच्या सहीनिशी. लगेच प्रोजेक्टरची अलाइनमेंट झाली! पुढच्या स्लॉटला कड सरळ दिसली आणि चाकं अलगद टेकली. इतकं हायसं वाटलं.

तेव्हा तोंडी तक्रार करत बसू नका, लिहूनच द्या. पार्किंग ब्रेक लावलेला असतानाच दिवसाचं दृश्य मागा आणि क्षितिज या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. रात्रीच्या दृश्यात जोड सहज दिसत नाही. वेगवेगळ्या रुंदीचे रनवेही मागून घ्या. ४५ मीटरवर हात बसलेल्याला मुंबईच्या ६० मीटर रुंद रनवे २७वर आपण फार खाली आलोय असं वाटतं आणि तो उंचावरच फ्लेअर करतो.

हो, सीटचं राहिलंच. समोरच्या काचेच्या मधल्या खांबावरचा लाल गोळा पांढऱ्याला झाकेल, अशी सीट लावा. सिमचं चित्रही डोळ्यांच्या त्याच जागेच्या हिशेबाने जुळवलेलं असतं.