तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या गोंधळात मन कसं रमतं?

प्रश्न विचारणारी माणसं बदलतात, प्रश्न तोच राहतो. बँकेत डबा खाताना सहकारी विचारतात, लग्नघरात मावशी विचारते, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा माझ्या हातातल्या पडद्यात डोकावून विचारते, "अहो, हे काय चाललंय? एवढा गोंधळ बघून डोकं दुखत नाही?" आणि मी पंचेचाळिशीची आहे हे कळलं की दुसरा प्रश्न येतो: मन रमवायचंच असेल तर शांत काहीतरी का खेळत नाही?

मी दरवेळी "आवडतं" एवढंच म्हणून विषय संपवत आले. आज नीट सांगते.

त्या पडद्यावर असतो 'अर्थ डिफेन्स फोर्स' या जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेतला पाचवा खेळ. परग्रहावरून जहाजं येतात. त्यांच्या पोटातून बसएवढाले मुंगळे, कोळी आणि गांधीलमाशा शहरात उतरतात, आणि तुम्ही पृथ्वीच्या फौजेतले एक शिपाई असता. मुंगळे रांगेनं येत नाहीत. इमारतींच्या भिंतींवरून, गच्चीवरून, एकमेकांच्या पाठीवरून येतात आणि आम्लाच्या पिचकाऱ्या मारतात. तुम्ही रॉकेट झाडलंत आणि नेम चुकला तर मागची सहा मजली इमारत खाली बसते. फार जवळ झाडलंत तर आपलंच रॉकेट आपल्याला उडवून देतं. बाजूला पाच-सहा शिपाई ओरडत पळत असतात. कानात रेडिओ चालू असतो, आणि त्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी आघाडीवरच्या बातम्या येत असतात, बहुतेक वाईट.

तुम्ही डोकावता तेव्हा तुम्हाला हे एवढंच दिसतं. मला त्यात काय दिसतं ते सांगायचं तर 2019 च्या ऑगस्टमध्ये जावं लागेल.

आमचं घर सांगलीत गावभागात. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. पुराच्या बातम्या पुढे सगळ्यांनी पाहिल्या, वरून काढलेली चित्रं पाहिली. तपकिरी पाण्यात बुडालेलं शहर, मधूनमधून गच्च्या. पण आम्ही आत होतो तेव्हा आम्हाला ते चित्र दिसत नव्हतं. आम्हाला आमची गल्ली दिसत होती. जिन्याची किती पायरी बुडाली तेवढं दिसत होतं. मारुती चौकात काय झालंय, हरभट रोडवर किती पाणी आहे, हे कोणाच्या तरी फोनवरून अर्धवट कळायचं, आणि दुसऱ्या फोनवर त्याच्या उलट कळायचं. पलीकडच्या गच्चीवरून शेजारच्या काकांनी हाक मारली की आम्ही ओ द्यायचो. एवढंच. पण त्या ओ देण्यानं रात्र निघायची. माझ्या वाट्याला आलेलं काम अगदी लहान होतं: आईची औषधं, दोन कळश्या पिण्याचं पाणी आणि कागदपत्रांची पिशवी वर न्यायची. शहर वाचवणं माझ्या हातात नव्हतं. ती पिशवी होती.

संकट असं खालून दिसतं. मोठ्या खेळांत आणि पडद्यावरच्या मोठ्या कथांत ते मला फारसं कधी भेटलं नाही. तिथे सगळं एका नायकापाशी येऊन थांबतं, त्याला सगळं माहीत असतं, त्याच्या डोक्यावर दिवा लावलेला असतो. या पाचव्या खेळाची सुरुवातच वेगळी आहे. तुम्ही फौजेच्या तळावर आलेले एक साधे नागरिक असता, एक जण तुम्हाला तळ दाखवत असतो, आणि तेवढ्यात मुंगळे आत शिरतात. कोणीतरी हातात बंदूक देतं. तिथून पुढे 110 मोहिमा. सुरुवातीला काही कळत नाही. तुमच्या बाजूच्यांनाही कळत नसतं, आणि रेडिओवरच्या वरिष्ठांनाही. मी हा खेळ पहिल्यांदा सुरू केला तेव्हा पहिल्या पंधरा मिनिटांत माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. तो गोंधळ मला ओळखीचा होता.

त्यात एक बटण आहे, हाक मारण्याचं. ते दाबलं की तुमचा शिपाई ओरडतो, आणि आजूबाजूचे शिपाई ओ देतात. खेळ जिंकायला त्याचा काडीचा उपयोग नाही, तरी ते ठेवलंय. मी ते प्रत्येक मोहिमेत दाबते.

आपल्याकडे गोंधळ या शब्दाचे दोन अर्थ एकाच घरात नांदतात, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. लग्नानंतर घरी गोंधळ घातला जातो तेव्हा संबळ कडाडतो, दिवटी पेटते, आणि गोंधळी गावोगावच्या देवांना एकेकाचं नाव घेऊन बोलावतो. बाहेरून ऐकणाऱ्याला नुसता आवाज. आत बसलेल्याला माहीत असतं की प्रत्येकाला हाक गेली आहे. या खेळाचंही मला तसंच वाटतं. शंभर तास आत बसल्यावर त्या कल्लोळातले धागे सुटे दिसायला लागतात. जहाजाला बाहेरून कितीही गोळ्या मारा, ओरखडा उठत नाही. खाली मुंगळे सोडण्यासाठी त्याचं पोट उघडतं, तेवढ्याच वेळात तिथे मारायचं. काही मोहिमांत आकाशातून उंच खांब येऊन जमिनीत रुततात आणि त्यांच्या टोकावरच्या चकाकत्या मण्यातून किडे निघतात. मणी फोडला की खांब गेला. बेडकासारखे सैनिक येतात, त्यांचा हात उडवला तर थोड्या वेळानं परत फुटतो, पण तेवढा वेळ तो गोळी झाडू शकत नाही. समोर दोनशे किडे असले तरी प्रश्न एकच उरतो: आत्ता, या क्षणी, माझं काम कोणतं? दिवसभर डोक्यात चाळीस गोष्टी फिरत असणाऱ्या माणसाला एवढा नेमका प्रश्न मिळणं, यालाच मी मन रमणं म्हणते.

चार प्रकारचे शिपाई निवडता येतात. रेंजर म्हणजे पायदळातला जवान. फेन्सर जड चिलखतातला, ढाल आणि दोन्ही हातांत शस्त्रं. एअर रेडर स्वतः फारसा लढत नाही, विमानं आणि रणगाडे मागवतो. आणि विंग डायव्हर, पाठीवर उड्डाणयंत्र लावलेली मुलगी. मी तीच घेते. तिच्याकडे ऊर्जेचा एकच साठा असतो, त्यातूनच उडायचं आणि त्यातूनच बहुतेक शस्त्रं चालवायची. साठा शून्यावर गेला की तो पुन्हा पूर्ण भरेपर्यंत उडताही येत नाही आणि ती शस्त्रंही चालत नाहीत. मुंगळ्यांच्या मधोमध जमिनीवर तसं उभं राहावं लागलं की कळतं शिल्लक राखणं म्हणजे काय. वीस वर्षं मी लोकांच्या खात्यांत किमान शिल्लक बघत आले आहे, त्यामुळे असेल, पण या शिपाईणीचा हिशोब माझ्या बोटांना पहिल्या दिवसापासून कळला. उडायचं ते थोडं थोडं, आणि उतरायची जागा आधी ठरवून.

या मालिकेचा जन्म कसा झाला हेही सांगायला हवं, कारण माझ्या प्रेमाचं निम्मं कारण ते आहे. 2003 मध्ये प्लेस्टेशन 2 या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासाठी जपानमध्ये 'सिंपल 2000' नावाची स्वस्त खेळांची मालिका निघत होती. दर खेळ दोन हजार येनचा, नावातच किंमत. डी3 पब्लिशरच्या त्या मालिकेत सँडलॉट या कंपनीनं 'चिक्यू बोएइगुन' केला, म्हणजे पृथ्वी संरक्षण दल. पैसा बेताचा असतो तेव्हा काय राखायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागतं. त्यांनी चेहऱ्यांचा रेखीवपणा सोडला, पोशाखांच्या सुरकुत्या सोडल्या. राखलं काय, तर किड्यांची संख्या, त्यांचा आकार, आणि कोसळणाऱ्या इमारती. हा निर्णय मला थोर वाटतो. एखाद्या गृहिणीनं सणाला तूप कमी असताना ते नेमकं कुठल्या पदार्थात घालायचं हे ठरवावं तसा. एक्सबॉक्स 360 या तशाच दुसऱ्या यंत्रावर निघालेल्या तिसऱ्या खेळात स्फोटांची गर्दी झाली की सगळं चित्र संथ व्हायचं, यंत्राला ते झेपायचं नाही. तरी त्यांनी किडे कमी केले नाहीत. वीस वर्षं झाली, सहावा खेळही येऊन गेला, सँडलॉट अजून त्याच गोष्टीपाशी ठाम आहे.

आता दुसरा नेहमीचा प्रश्न: मग तो मोठ्या टीव्हीवर का नाही, हातातल्या यंत्रावर का?

माझ्याकडे स्टीम डेक आहे. भारतात तो अधिकृतपणे विकत मिळत नव्हता, मावसभावानं येताना आणला. सात इंचांचा पडदा, वजन 669 ग्रॅम. हलका नाही. बसून खेळताना मी मांडीवर उशी घेते आणि तिच्यावर मनगटं टेकवते, नाहीतर अर्ध्या तासात अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. मोहीम साधारण दहा-पंधरा मिनिटांची. दवाखान्यात नंबर पुकारला, कुकरची शिट्टी झाली, आईनं हाक मारली, की वरचं बटण दाबायचं. यंत्र झोपतं. परत दाबलं की हवेत थांबलेला मुंगळा तिथूनच पुढे झेपावतो. माझ्या आयुष्यात सलग दोन तास नाहीत, बारा-बारा मिनिटांचे तुकडे आहेत, आणि हा खेळ त्या तुकड्यांत पुरा बसतो. एकट्यानं खेळायला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे एसटीतही चालतो.

यंत्र जरासं कललं की नेम सरकतो अशी सोय त्यात करता येते. अंगठ्यानं ढोबळ नेम धरायचा आणि मनगटानं बारीक करायचा. पोट उघडलेल्या जहाजावर मारताना मला याचा फार उपयोग होतो. पडद्यावर सेकंदाला 60 ऐवजी 40 चित्रं दाखवायला सांगितलं की बॅटरी जास्त टिकते, आणि डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाही. पण अक्षरं बारीक आहेत, हे मान्य करायला हवं. शस्त्रांच्या यादीतले आकडे वाचायला मला चष्मा लावावा लागतो. आणि शस्त्रं मिळतात ती मेलेल्या किड्यांनी मागे टाकलेल्या खोक्यांतून, नशिबाच्या हवाली. हवं ते दहा मोहिमांत मिळत नाही. तोचतोचपणाही आहे. ज्यांना दर वेळी नवी जागा, नवं दृश्य हवं असतं त्यांना मी हा खेळ सुचवत नाही.

पण आकार लहान असण्यात आणखी एक गोष्ट आहे. टीव्हीवर ते शहर माझ्यासमोर असतं. हातात असलं की ते माझ्या मांडीवर असतं. कोसळणारी इमारत एका तळहाताएवढी, तिच्याखालून पळणारी माणसं तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांना आपण सांभाळतोय असं वाटतं. भीती वाटते ती पेलण्याजोगी असते. पुरानंतर बराच काळ मला जोराच्या पावसाचा आवाज सहन होत नसे. आता पाऊस लागला की मी खिडकीपाशी बसते आणि एक मोहीम लावते. हा उपाय आहे असं मी कोणाला सांगणार नाही. माझ्यापुरतं काय झालं ते सांगितलं.

आईचं म्हणणं मात्र वेगळं आहे, आणि ते मी टाळू शकत नाही. माझी आई मुंग्यांना साखर घालणाऱ्यांतली. अंगणातल्या वारुळापाशी रोज सकाळी चिमूटभर. घरात रांग लागली तर हळदीची रेघ ओढते, मारत नाही. पुरानंतर आम्ही घरी परतलो तेव्हा अंगणभर चिखल होता, वारूळ कुठे होतं तेही ओळखू येत नव्हतं. घर धुवायच्या आधी तिनं ती जागा शोधली. काही दिवसांनी तिथे पुन्हा मातीचे कण दिसले तेव्हा ती मला हात धरून दाखवायला घेऊन गेली.

ती माझ्याशेजारी वाती वळत बसते आणि विचारते, "त्या बिचाऱ्यांना का गं मारतेस?" मी एकदा सांगितलं, आई, त्या आपल्या नाहीत, दुसऱ्या ग्रहावरून आल्यात. ती म्हणाली, "आल्या असतील. त्यांना कुणीतरी पोटातनं खाली सोडलंय ना?" मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून मी जिथे जमेल तिथे किड्यांच्या मागे लागत नाही, आधी जहाज पाडते. जहाज गेलं की किडे यायचे थांबतात. खेळाच्या दृष्टीनंही तेच शहाणपणाचं, पण मला ते आईमुळे कळलं.

सध्या मी एका मोहिमेपाशी अडकले आहे. सगळ्यांत कठीण पातळीवर, 'इन्फर्नो'वर. वर एकाच वेळी बरीच जहाजं आहेत आणि खाली लाल मुंगळे. मधल्या जहाजाकडे धाव घेतली की दोन्ही बाजूंनी घेरली जाते, असं नऊ वेळा झालं. काल रात्री लक्षात आलं की डावीकडच्या जहाजाखाली एक पूल आहे आणि त्याच्या आडोशाला ऊर्जा भरून घेता येते. आज जेवणं झाली की तिथून सुरू करणार आहे. आईनं वातींचा कापूस आधीच काढून ठेवलाय.