भीमगडच्या रानात वटवाघळांच्या मागे: जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

"फाट्यापासून वीस मिनिटं," असं आम्हाला सांगितलं होतं. जूनच्या पावसात जाळ्यांचे बांबू, ट्रायपॉड आणि बॅटऱ्या पाठीवर घेऊन त्या वाटेला दीड तास लागतो. बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगड अभयारण्यात, हेमाडगा गावाकडच्या रानात वटवाघळांच्या अभ्यासाला मदतनीस म्हणून जाणार असाल, तर पहिला विचार या वाटेचा करा.

ओढ्यापर्यंत काही नाही. ओढा ओलांडला की तांबड्या चिखलाची चढण लागते. तिथं कुठलाच बूट धरत नाही आणि जळवा मोज्यांतून आत शिरतात. दुपारी गुडघ्याखाली असलेलं पाणी वर पाऊस पडला की रात्री कमरेला लागतं. पाणी चढलं तर पलीकडेच पहाट करायची, अंधारात उतरायचं नाही. रानात गवे आहेत, अस्वलं आहेत. गावातला माणूस सोबत हवाच. त्याची मजुरी आधी ठरवा आणि रोजच्या रोज द्या.

आता गाडी. बेळगावहून खानापूर पंचवीसेक किलोमीटर, बस मिळते. खानापुरातून पुढे जीपवाल्यानं बाराशे ठरवले आणि उतरल्यावर दोन हजार मागितले. "ताई, गाडी रिकामी परत जाती की!" सामान टपावर, अंधार पडत आलेला, पाऊस सुरू. दिले. ही सरळ लूट आहे. जायचे-यायचे मिळून किती ते बसण्याआधी चार माणसांसमोर बोलून घ्या, आणि उजेड असतानाच पोचा.

"दोन तासांचं काम" हेही खोटं. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत बसायचं असतं. आम्ही बघत होतो ते आखूड नाकाचं फळखाऊ वटवाघूळ. याचा नर भेरली माड या ताडासारख्या झाडाच्या घोसातल्या मधल्या माळा कुरतडून तोडतो आणि घंटेसारखी पोकळी करतो. तिथं माद्या येऊन राहतात. कोण कधी बाहेर पडलं, कोण परतलं, हे लाल दिव्यात लिहायचं. छातीला पिल्लू बिलगलेली मादी पहिल्यांदा आत शिरताना दिसली तेव्हा तो चिखल, ते पैसे, सगळं वसूल झालं! एवढ्यासाठी मी पुन्हा जाईन.

तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत "सहज डोकावून येऊ" म्हणणाऱ्यांनी जाऊच नये. रॉटनचं वटवाघूळ ही जात १९१३ साली तिथल्याच नमुन्यांवरून जगाला कळली आणि कित्येक वर्षं तिचं तेवढं एकच ठिकाण ठाऊक होतं. अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते, आणि दिवसा झोपलेली वसाहत उठवणं हे कुठल्याही फोटोच्या मोलाचं नाही.

उन्हाळ्यात गेलात तर गोचिडी सांभाळा, त्यांच्यातून माकडताप होतो. रेबीजची आगाऊ लस महिनाभर आधी सुरू करा. ती पुरी न झालेल्या माणसानं जाळ्यातल्या वटवाघळाला हात लावायचा नाही, मग अभ्यासाचे प्रमुख कितीही घाई करोत.